निळीचं पाणी आणि उजवा कौल

आमच्या घरामागच्या दगडाला एक भोक होतं. त्या भोकात ओतलेलं पाणी कुठे जातं हे साऱ्या गावात मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. तशी मी कुणाला काहीच सांगत नसे. लग्न होऊन आले तेव्हा पहिले चार महिने मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाटत होतं की सून मुकी आहे आणि मध्यस्थानं आपल्याला फसवलंन. शेवटी सासूबाईंनी त्यांची समजूत घातली की ती बोलते, पण चुलीपाशी बोलते. आमचे हे चिपळूणला नोकरीला होते, शनिवारी यायचे. त्यांच्याशी बोलायचं ते मी आठवडाभर मनात जमवून ठेवी आणि शनिवारी विसरून जाई.

गाव आमचं गुहागरच्या खाली, समुद्राला लागून. पुढे रस्ता, मग घर, मग नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की दगडाची पुरुषभर उंच पायरी. तिच्याखाली पुळण, मग समुद्र. तो दगड म्हणजे शिंपल्या आणि वाळू एकमेकांना चिकटून झालेला. आमच्याकडे त्याला करळ म्हणतात. तुकडा हातात घेतला तर आतल्या शिंपल्या मोजाव्यात, आणि जिकडे तिकडे भोकं. ही करळ वाडीखालून थेट आमच्या मागच्या दारापर्यंत आलेली होती आणि तिथेच, धुण्याच्या जागेशेजारी, ते मुठीएवढं भोक.

सासूबाईंचा नियम होता की धुण्याचं पाणी वाया घालवायचं नाही, उचलून नारळाच्या आळ्यात नेऊन ओतायचं. पहिलं पाणी मी नेत असे. शेवटचं, निळीचं, नेण्याचा कंटाळा येई. कुणी बघत नाही असं पाहून मी ते भोकात सोडी. कितीही ओता, गुडुप.

एकदा होळीनंतर, विहिरींचं पाणी खाली गेलेलं असताना, निळीची पुडी हातातून निसटली आणि अख्खी बादलीत पडली. पाणी शाईसारखं झालं. मामंजींची धोतरं त्यात बुडवली असती तर ते निळे होऊन देवळात गेले असते. मी घाबरले आणि सगळी बादली भोकात रिकामी केली. वरून दोन बादल्या साधं पाणीही ओतलं, म्हणजे खूण नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून काकूंचा आवाज आला, की माझ्या विहिरीत कुणी काय टाकलंन.

काकू म्हणजे मामंजींच्या चुलतभावाच्या बायको, शेजारच्या घरात एकट्या राहायच्या, सोबतीला एक गाय. मामंजी आणि त्यांचे चुलतभाऊ यांचं हद्दीवरून भांडण होतं. दोन वाड्यांच्या मधे कुंपणाला जांभ्याचा गडगा रचलेला होता, तो कुणाच्या जागेत आहे यावरून. पुढे चुलतभाऊ वारले, पण भांडण वारलं नाही. नऊ वर्षं दोन घरांत बोलणं नव्हतं. काकूंना काही सांगायचं असलं की त्या गाईला सांगत, जरा मोठ्यानं.

त्या दिवशी मामंजींनी नऊ वर्षांनी गडग्यावरून पलीकडे मान घातली. काकूंच्या विहिरीचं पाणी निळं होतं. विहीर आमच्या मागच्या दारापासून चांगली लांब, आणि तीही समुद्राच्या बाजूला नव्हे, आडवी. त्यामुळे आमच्याकडून काही गेलं असेल असं कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं. माझ्या आलं. मी चुलीपाशी जाऊन बसले.

मामंजींना वाटलं, आपल्यावर आळ येणार. त्यांनी देवीला कौल लावला. आमची देवी म्हणजे घडवलेली मूर्ती नव्हे, जांभ्याचा पाषाण. त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी कळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मामंजींनी विचारलं की हे माणसाचं काम नाही, तुझंच आहे ना. उजवी पडली. गुरवानं त्याचा अर्थ लावला, की दोन घरांतली वाट बंद आहे ते देवीला आवडत नाही, म्हणून तिनं पाण्याला रंग दिलान.

मामंजींनी त्याच दुपारी स्वतःच्या हातानं पहार घेऊन गडग्याला माणूस जाईल एवढी वाट पाडली.

त्या वाटेनं माझं भलं झालं. दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी काकूंच्या मागच्या दाराशी जाऊन बसू लागले. काकू बोलत आणि उत्तराची वाट बघत नसत, त्यामुळे मला उत्तर द्यायची भीती वाटेनाशी झाली आणि हळूहळू मी बोलूही लागले. गावात मी मोकळेपणी बोलत असे ती एवढीच जागा. शिवाय दर वर्षी त्या तिथीला काकूंच्या विहिरीची ओटी भरायचं ठरलं, आणि घरातली धाकटी सवाष्ण म्हणून ओटी भरायचा मान माझा. मी खाली मान घालून नारळ-तांदूळ वाहायची. सासूबाई म्हणायच्या, पोर भाविक आहे.

वाटेचा फायदा काकूंच्या गाईलाही झाला. ती रोज एकदा येऊन मामंजींची केळ खाऊन जाई. मामंजी वाटेकडे बघत आणि म्हणत, "देवीची आज्ञा आहे म्हणून. नाहीतर एका दिवसात बुजवली असती."

अशी दोन वर्षं गेली. मग चैत्रात मुंबईहून कॉलेजातले एक सर आले, बरोबर त्यांची एक विद्यार्थिनी. सरांनी मामंजींना सांगितलं की आम्हाला तुमच्या वाडीमागचा दगड आठवडाभर बघायचा आहे. मामंजींना वाटलं हद्दीची मोजणी आली. त्यांनी आधी चहा दिला नाही, मग गैरसमज फिटल्यावर दोनदा दिला.

सरांचं म्हणणं मी दाराआडून ऐकलं. मुंबईपासून लांब भर समुद्रात तेल सापडलं होतं, ते ट्रान्झिस्टरवर सगळ्यांनीच ऐकलेलं. सर म्हणाले, ते तेल जमिनीखाली तळ्यासारखं साचलेलं नसतं. चुनखडीच्या दगडाच्या भोकाभोकांत आणि भेगांत असतं. तो दगड एवढ्या खोल की डोळ्यांनी दिसत नाही. वरून भोक पाडलं तर मनगटाएवढा तुकडा हाती येतो, त्यावरून काय कळणार. म्हणून तशाच जातीचा दगड जिथे उघड्यावर पडलाय तिथे जायचं, पाणी त्यातून कसं वाहतं ते बघायचं, म्हणजे खालचं तेल कुठून कुठे जात असेल त्याचा अंदाज येतो. तुमची करळ म्हणजे चुनाच.

यातलं "तेल" आणि "तुमची करळ" एवढंच गावात पोचलं. दुसऱ्या दिवशी चार माणसं पायरीशी येऊन दगडाचा वास घेऊन गेली. काकू वाटी घेऊन आल्या.

"समईपुरतं मिळालं तरी पुष्कळ," म्हणाल्या. सरांनी त्यांना सगळं पुन्हा समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि वाटी मात्र पडवीत ठेवून गेल्या.

विद्यार्थिनी आमच्याकडे माजघरात निजायची. पँट घालून ती दिवसभर पुळणीवर, पायरीच्या उभ्या अंगाशी, पोटावर पडून भोकं मोजायची. खडूनं दगडावर चौकोन आखायचे, एकेका चौकोनातली भोकं मोजायची, त्यांत पेन्सिल घालून खोली बघायची, आणि वहीत चित्र काढायचं. सासूबाईंना तिची दया आली. त्यांनी तिला खाली घालायला चटई दिली.

एका सकाळी मी घावन घालत होते आणि ती चुलीशी येऊन बसली. घावनाची जाळी बघून म्हणाली, वहिनी, हे अगदी आमच्या दगडासारखं. चुलीपाशी होते म्हणून मी बोलले. मी म्हटलं, घावनावर तूप सोडलं तर ते आत मुरतं, खाली तव्याला लागतं. अनारशालाही जाळी पडते, पण त्यात शिरलेलं तूप आतच राहतं, दाबून काढलं तरी निघत नाही. भोकं दोघांनाही. वाट एकालाच.

तिनं घावन तसंच टाकलं आणि वही आणायला धावली. थोड्या वेळानं पडवीतून सरांचा आवाज आला, की बरोबर, भोकं किती याला किंमत नाही, भोकातून भोकात वाट आहे का ते महत्त्वाचं, हे कुणी सांगितलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरातून आलं. मी घाबरून चुलीत एक लाकूड जास्त सारलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पाचव्या दिवशी सर मागच्या दारी आले आणि त्यांना माझं भोक दिसलं. त्यांनी त्यात तांब्याभर पाणी ओतलं. गुडुप. मग बादलीभर ओतलं. तेही गुडुप. सरांना फार आनंद झाला. ते मामंजींना म्हणाले, उद्या यात लाल रंगाचं पाणी सोडू. उतार समुद्राकडे आहे, त्यामुळे तासाभरात ते पायरीच्या बाहेरच्या अंगावर उमटेल. मामंजी म्हणाले, अवश्य सोडा.

लाल पाणी समुद्राकडे जाणार नव्हतं, ते काकूंच्या विहिरीत जाणार होतं. तसं झालं की मामंजींना कळणार, तेव्हाचं निळं पाणीही याच वाटेनं गेलं होतं, देवीनं पाठवलं नव्हतं. देवीची आज्ञा नव्हती म्हटल्यावर गडग्यातली वाट ते संध्याकाळच्या आत बुजवणार, केळी खाणाऱ्या गाईसकट सगळ्यावर दगड रचून. आणि काकूंच्या दाराशी माझं बसणं संपणार.

मी विद्यार्थिनीला गाठलं. तिला एवढंच म्हटलं की तिथे ओतू नका, ते पाणी समुद्राकडे जात नाही, शेजारच्या विहिरीत जातं. ती थांबेल असं मला वाटलं होतं. तिचे डोळे चमकले. ती पळत सरांकडे गेली. सर म्हणाले, उतार समुद्राकडे असताना पाणी आडवं कसं जाईल, पण जात असेल तर फारच उत्तम, आता तर ओतायलाच हवं.

दुपारी मी काकूंकडे गेले. त्या कुळीथ निवडत होत्या. मी सूप ओढून घेतलं, मूठभर कुळीथ निवडले, आणि म्हटलं, "काकू, ते दोन वर्षांपूर्वीचं निळं पाणी—"

"नीळ होती. ठाऊक आहे."

मी सूप खाली ठेवलं.

"अगो, त्या आठवड्यात माझी पांढरी पातळं नीळ न घालता नीळ घातल्यासारखी निघाली. देवी काय माझी पातळं धुवायला बसत्ये?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलणार होत्ये. पदर खोचून निघाल्येही होत्ये. बघत्ये तर तुझे मामंजी पहार घेऊन गडगा पाडतायत. नऊ वर्षांनी माझ्याकडे तोंड करून उभे. घामानं निथळतायत. आता तिथे काय सांगू, भावजी, ती नीळ आहे म्हणून?"

मी उद्याचं सगळं त्यांना सांगितलं. अडवूया का, असं विचारलं. काकूंनी कुळीथातला एक खडा काढून अंगणात टाकला आणि म्हणाल्या की अडवलं तर जास्त विचारतील, ओतू दे. मग त्या उठून वाटेनं आमच्या पडवीत गेल्या आणि सरांना म्हणाल्या की माझ्या विहिरीत लाल पाणी नको, बघवणार नाही.

सर म्हणाले, "अहो, तुमच्या विहिरीत येणारच नाही ते."

"येणारच नाही ना? मग लाल काय नि निळं काय. नीळ घाला. निळ्याची सवय आहे तिला."

सरांनी वहीतलं लाल खोडून निळं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी बादलीत चिमूटभर नीळ घातली. सर म्हणाले, थोडी आणखी. मी फडताळातून पुडी आणली आणि अख्खी बादलीत उपडी केली. सासूबाई बादलीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे.

"एवढी लागते हे तुला कसं ठाऊक?" असं त्यांनी हळूच विचारलं. मी पदर पुढे ओढला.

पाणी ओतून सर आणि विद्यार्थिनी पुळणीवर जाऊन पायरीसमोर उभे राहिले. भेगांत त्यांनी कापसाचे बोळे खोचले होते, निळं पाणी आलं की कापसाला कळावं म्हणून. सरांच्या हातात घड्याळ. मामंजी छत्री घेऊन शेजारी. तास गेला, दोन तास गेले. माणसं आली, बघून गेली. कापूस पांढराच. मग भरती आली आणि सरांची एक चप्पल घेऊन गेली. मामंजींनी त्यांना आपल्या जुन्या वहाणा दिल्या, त्या दोन बोटं मोठ्या होत्या. सर फटाक फटाक वाजत परत आले.

पुढच्या सकाळी गडग्याच्या वाटेत उभं राहून काकूंनी हाक दिली.

"सर, तुमचं पाणी न्यायला या."

मामंजींच्या वहाणा घालून माणसाला धावता येतं हे मी त्या दिवशी पाहिलं. सर विहिरीत वाकून बघत होते आणि हसत होते. चूक निघाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर दुसरा पाहिला नाही. त्यांनी मामंजींना सांगितलं की करळ वरपासून खालपर्यंत एकसारखी नाही. खाली घट्ट थर असणार, आणि त्याच्यावर मोठ्या शिंपल्यांचा सैल थर. पाणी खाली जाताना त्या सैल थराला लागलं आणि त्याच्यातूनच आडवं निघालं. वरचा उतार बघून काही कळत नाही, पाणी आपली सोपी वाट धरतं. तेलाचंही असंच होतं, विहीर खणावी एकीकडे आणि तेल निघून जातं दुसरीकडे.

मामंजींनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "दोन वर्षांपूर्वीही हे असंच निळं झालं होतं."

"मग तेव्हाही वरून कुणीतरी नीळच ओतली असणार," सर म्हणाले. बिचाऱ्यांना काय माहीत.

मामंजींनी विहिरीकडे पाहिलं, आमच्या मागच्या दाराकडे पाहिलं, मग दोरीवर वाळणाऱ्या आपल्या धोतरांकडे. सासूबाई म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नका." माझ्याकडे अजून कुणी बघत नव्हतं, पण तेवढाच वेळ उरला होता. मामंजी गडग्याच्या वाटेशी गेले आणि खाली पडलेला एक चिरा पायानं हलवून बघितला. बुजवायला किती लागतील याचा हिशेब मनात चालू होता.

तेव्हा काकू म्हणाल्या, "भावजी, नीळ कुणी ओतलीन ते राहू दे. ओतायची बुद्धी कुणी दिलीन?"

मामंजी थांबले. हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी चिऱ्यावरचा पाय काढला.

"हे तिलाच विचारायला हवं," म्हणाले.

दुपारी आम्ही सगळे देवळात. सर आणि विद्यार्थिनीही आले. गुरवानं पाषाण धुतला, दोन्ही अंगांना कळ्या लावल्या, आणि गाऱ्हाणं घातलं: नीळ कुणाच्या का हातून पडेना, पाडणारी तू असशील आणि दोन घरांतली वाट राहावी असं तुझ्या मनात असेल, तर उजवा दे. वाट बुजवायची असेल तर डावा दे.

आम्ही बायका खांबाशी बसलो होतो. कळ्या हलेनात. गावात एकेक कौल तास तास घेतो. सरांनी सवयीनं घड्याळ काढलं होतं. पाषाणापासून हातभर अंतरावर ते वाकून कधी उजवीकडे, कधी डावीकडे बघत होते. मामंजींना वाटलं, केवढी भक्ती. मग सर विद्यार्थिनीच्या कानाशी काही बोलले आणि वही उघडून पेनचं टोपण काढलं.

विद्यार्थिनी माझ्याकडे सरकली. तिला वाटत होतं मला ऐकून गंमत वाटेल. ती म्हणाली, "वहिनी, सर म्हणतायत, पाषाणाची उजवी बाजू जास्त भोकांची आहे. तिकडचं पाणी दगड लवकर पितो, कळीचा धर सुटतो. उजवीच आधी पडणार, केव्हाही विचारा."

मी उठले. देवळात पुरुषांच्या बाजूला मी तोवर कधी गेले नव्हते. मामंजी डोळे मिटून होते. मी सरांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "सर, हे नका लिहू."

सरांनी माझा आवाज पहिल्यांदाच ऐकला. माझं तोंडही त्यांनी तोवर धड पाहिलं नसावं. ते हळूच म्हणाले, "का?"

"आमची वाट आहे त्यात."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग डोळे मिटलेल्या मामंजींकडे. शेवटी वही मिटली आणि पेनला टोपण लावलं. मी परत खांबाशी येऊन बसले. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

थोड्या वेळानं कळी पडली. उजवी. मामंजींनी साष्टांग नमस्कार घातला. सरांनीही हात जोडले, आणि उठताना घड्याळ बघितल्यावाचून त्यांना राहवलं नाही.

घरी आलो तर गाय केळीत. मामंजींनी काठी उचलली. गडग्याच्या वाटेकडे पाहिलं, मग दोरीवरच्या धोतरांकडे पाहिलं, आणि काठी परत भिंतीला लावून ठेवली.

"नीळ जरा बेतानं घालायला सांगा," सासूबाईंना म्हणाले. मी तिथेच दोन हातांवर उभी होते. मग त्यांनी हाक मारली, "वहिनी, तुमची गाय न्या."

काकू वाटेतून आल्या, गाईला चुचकारत. सकाळीच त्या पाण्यात धुवून वाळवलेल्या त्यांच्या पातळाला छान नीळ बसली होती.